चतुराबाई डाल्यात बसणार नाही

आमच्या घरात नव्या पिकअपचं इंजिन निवडायचं ठरलं, तेव्हा सगळ्या जगाला विचारलं गेलं. माझ्या नवऱ्याच्या मित्रांना विचारलं, अकोल्याच्या फिटरला विचारलं, मोबाइलवरच्या गाड्यांच्या व्हिडिओत हातवारे करत बोलणारा दिल्लीकडचा कोणी माणूस तर रोज आमच्या जेवणाच्या ताटाशी बसलेला असायचा. त्या गाडीच्या मागच्या उघड्या डाल्यात बसून ज्या बाया कामावर जाणार होत्या, त्यांना मात्र कोणी एका शब्दानं विचारलं नाही. हे आठवलं की अजून माझं डोकं तापतं. थंड होईपर्यंत थांबले तर लिहिणंच होणार नाही, म्हणून तापलेल्या डोक्यानंच लिहिते.

मी रागिणी. माहेर नांदगाव पेठचं, सासर बार्शीटाकळीचं. सासरे पंजाबराव, त्यांना मी बाबा म्हणते. शेती आहे, पण घर चालतं ते मिक्सर मशीनवर. गिट्टी, रेती आणि सिमेंट कालवणारा तो फिरता ड्रम दोन चाकांवर बसवलेला असतो. तो पिकअपच्या मागं हुकात अडकवायचा आणि ज्या गावात कोणाच्या घराचा स्लॅब टाकायचा असेल तिथवर ओढत न्यायचा. पुढं केबिनमधे मालक, मधे डाल्यात बाया, मागं मशीन. या मधल्या बायांची मुकादमीण चतुराबाई, आणि ही गोष्ट तिची आहे.

चतुराबाई मूळची पातूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा नवरा सेंटरिंगच्या कामावर जायचा. पुढं त्यानं पारावर बसायचं काम धरलं आणि ते मात्र इमानदारीनं आजवर टिकवलं. मग हिनं घमेलं उचललं. उंची बेताची, अंग वाळकं, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून "पानी कमी कर" म्हणाली तर पलीकडच्या गल्लीतली बाई आपला नळ बंद करते. माझ्या माहेरी कोणाला राग आला की तो माणूस जेवण सोडतो. चतुराबाईला राग आला की ती एक भाकर जास्त खाते, कारण तिला भांडायला ताकद लागते.

एकदा एका घरमालकानं तिच्या बायांपैकी एकीला "ए घमेलं" अशी हाक मारली. स्लॅब अर्धा झाला होता. अर्धा स्लॅब सोडता येत नाही, सांधा राहतो आणि पुढं तिथूनच पाणी झिरपतं, हे तो मालक जाणून होता आणि चतुराबाई तर जाणून होतीच. तिनं सगळ्या बायांना खाली बसवलं. म्हणाली, "यायचं एकेकीचं नाव इचारा, मंग आमी उठतो." त्या माणसानं उन्हात उभं राहून एकेकीला नाव विचारलं. जेवणाच्या वेळी त्यानं स्वतः वाढलं आणि वाढताना नावं घेतली.

आमच्याकडे स्लॅब सुरू करायच्या आधी मशीनसमोर नारळ फोडतात. आमच्या मशीनचा नारळ कायम चतुराबाई फोडते. तिच्या हाताला यश आहे अशी बाबांची पक्की समजूत. तिनं नारळ फोडलेला एकही स्लॅब आजवर बसला नाही की गळला नाही. मशीन घेतलं तेव्हा तिनंच फोडला होता. नवीन हूक बसवला तेव्हाही तिलाच बोलावलं. तिच्या हातावर एवढा भरोसा आणि तिच्या शब्दावर रत्तीभर नाही, हा हिशेब मला आजवर कळलेला नाही.

शब्दावर भरोसा नाही म्हणजे काय, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, महान गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात स्लॅब होता. सकाळची थंडी. जुनी पिकअप माझा नवरा नितेश चालवत होता, शेजारी बाबा, दोन्ही काचा वर. डाल्यात नऊ बाया. त्या जुन्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनाला जादा जोर देणारा पंखा, फार उशिरा जागा व्हायचा. चढावर पाय दाबावा तर आधी काहीच नाही, आणखी दाबावा तरी काही नाही, आणि मग एकदम मागून कोणी लाथ घातल्यासारखी गाडी उसळायची. नाल्याच्या चढावर तेच झालं. डाल्याच्या मागच्या फाळक्याजवळ बसलेली पार्बताबाई पदर सावरायला अर्धी उठली होती. ती मागं फेकली गेली, गाडी आणि मशीनच्या मधे, आणि मशीनचं चाक तिच्या कमरेवरून गेलं.

गाडी थांबली नाही. चढ संपून पार पुढच्या देवळापर्यंत गेली. तिथं एका दूधवाल्यानं मोटरसायकल आडवी घालून थांबवली. तोवर पार्बताबाई एकटी रस्त्यात पडून होती.

ती वाचली. कमरेचं हाड जुळलं ते वाकडंच जुळलं, आता काठीशिवाय चालता येत नाही. दवाखान्याचं सगळं बाबांनी केलं, त्याबद्दल गावात त्यांचं कौतुकही झालं. पण दवाखान्यात तिच्या खाटेशी उभं राहून ते एक वाक्य बोलले आणि नंतर चौकात, सोयऱ्यांत, जिथं विषय निघेल तिथं तेच बोलत राहिले. "मशीनची खडखड सोडली तं कायीच आवाज नोता. बायायनं डाल्यात एकडाव जरी ठोकलं असतं, तं जाग्यावर बिरेक मारला असता."

ठोकलं असतं तर! बाकीच्या आठही बाया सांगत होत्या, हाताची सालं निघेपर्यंत ठोकलं. चतुराबाईनं तर घमेलं घेऊन पत्र्यावर आपटलं होतं. पण बाबा म्हणायचे, घाबरल्या असतील, ठोकायचं सुचलं नसेल, आता लाजेखातर सांगतात. आणि मालकानं सांगितलेलं गावाला पटतं.

वाईट हे की ते पार्बताबाईलाही पटलं. चतुराबाई आणि ती एकाच वर्षी बार्शीटाकळीत सून म्हणून आलेल्या. घमेल्याच्या रांगेत कायम शेजारी, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात. भाकरी वेगवेगळ्या बांधून आणायच्या आणि खाताना अदलाबदल करायच्या. पार्बताबाईला त्या दिवसातलं एकच चित्र आठवत होतं: आपण रस्त्यात पडलो आहोत आणि चतुरा गाडीत बसून पुढं चालली आहे. त्यावर मालक येऊन म्हणाला, कोणी ठोकलंच नाही. तिनं चतुराबाईशी बोलणं टाकलं. दिवाळीला चतुराबाईनं पाठवलेला डबा झाकण न उघडता परत आला. चतुराबाई तिच्या दारात जाऊन उभी राहायची, सांगायची, आतून काठीचा आवाज यायचा आणि कडी लागायची.

त्या बाईनं दुसरं काही मागितलं नव्हतं. पार्बताबाईला खरं काय ते कळावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते फक्त बाबांच्या तोंडून कळलं असतं.

यंदा मार्चमधे जुन्या पिकअपनं राम म्हटलं. स्लॅबचा मोसम ऐन भरात, आणि मशीन ओढायला गाडी नाही. घरात इंजिनाची चर्चा सुरू झाली. तिला चर्चा म्हणायचं म्हणून म्हणते. बोलायचा एकटा नितेश.

दोन इंजिनांत निवड होती. त्यांना आम्ही थोरलं आणि धाकटं म्हणायला लागलो. थोरल्याची ताकद जास्त, टर्बो मोठा, पण तो इंजिन जोरात फिरायला लागल्यावरच जागा होतो आणि जागा झाला की उसळतो. धाकट्याचा आकडा कमी, पण ते खालपासून सारखं ओढतं, झटका देत नाही. शिवाय धाकट्यात दोन ओळींच्या सीटचं केबिन मिळत होतं. मागं डाला आखूड, पण केबिनमधे पाच-सहा माणसं सीटवर बसतील अशी गाडी. मशीन ओढायचं, शिवाय रोजचं अकोल्याला जाणं-येणं, लग्नकार्य, सगळं त्यातच.

मी म्हटलं, "अहो, मग यात इचार करायचा काय? धाकटंच घ्या. चार-पाच बाया केबिनमधे बसतील, उरलेल्यांसाठी ऑटो करू."

नितेशनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीला बैल जुंपा म्हणाले. "रागिणी, तुले टॉर्क म्हंजे काय ते समजते काय? टोइंग करायचं आहे आपल्याले. अन् बाया काय केबिनात बसवतात? सिमेंटाच्या कपड्यानं सीटा खराब होतीन."

लग्नाआधी मी नांदगाव पेठला एका कापडाच्या कारखान्याच्या ऑफिसात होते. तिथं सुताच्या खात्यातल्या बायांना न्यायला बस यायची. रोज अंगभर कापूस घेऊन त्या सीटवर बसायच्या. सीट झटकली की साफ व्हायची. मी हे सांगितलं. नितेश म्हणाला, ती कंपनी आहे. म्हणजे माणूस सीटवर बसायच्या लायकीचा आहे की नाही, ते त्याच्या मालकावर अवलंबून! मी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही, आणि ते चुकून नव्हतं.

अकोल्याच्या शोरूममधे बाबा, नितेश आणि मी गेलो. विक्रीवाला मुलगा गोड बोलणारा होता. दोन्ही इंजिनं चांगली म्हणाला. बाबांनी विचारलं, रोजच्या वापराला कोणतं? तो म्हणाला, "काका, रोजच्याला धाकटं आरामाचं. पण थोरल्याची शान वेगळी." शान हा शब्द ऐकला आणि माझा नवरा तिथंच विकला गेला. ठरलं, थोरलं. दोन दिवसांनी शोरूमवाले ट्रायलची गाडी बार्शीटाकळीला आणणार, मशीन जोडून चालवून पाहायची, आणि तिथंच चांगल्या वेळेवर नारळ फोडून बुकिंग करायचं.

नारळ फोडायला कोण? अर्थात चतुराबाई.

त्या दिवशी सकाळी ती आली. इस्त्रीचं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. अंगणात नवी कोरी पांढरी गाडी उभी, मागं आमचं मशीन हुकात अडकवलेलं. सासूबाई गोदाबाई ताट घेऊन उभ्या. विक्रीवाला ओट्यावर चहा पीत होता. चतुराबाईनं गाडीला एक फेरी मारली. चाकं नाही पाहिली, नंबर नाही विचारला. डाल्यापाशी थांबली.

"मालक, बाया कुठं बसनार?"

"कुठं म्हंजे? डाल्यात. मोठ्ठा डाला आहे, पाय पसरून बसान." बाबा खुशीत होते. "घे, नारळ घे. वेळ चालली."

तिनं नारळ हातात घेतला आणि बोनेटवर ठेवून दिला. फोडला नाही.

"चतुराबाई डाल्यात बसनार नाही," ती म्हणाली. "माही एकबी बाई बसनार नाही. अन् नारळबी फोडनार नाही."

बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. गावात त्यांच्या तोंडावर नाही म्हणणारं माणूस नाही, आणि बाई तर नाहीच नाही. "काहून? आज काय झालं तुले? इतकी वर्षं बसलीच ना?"

"बसली म्हनूनच सांगून राहिली."

"दुसऱ्या बाया आनीन मी. तुह्यावाचून अडते काय?"

"आना ना. नारळबी त्यायच्याच हातानं फोडा."

इथं बाबा अडकले. बाया दुसऱ्या मिळाल्या असत्या, कशाबशा. पण दुसऱ्या हातानं फोडलेला नारळ आणि नवी गाडी, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. नितेश मधे पडला, "काकू, तुमाले काय पाह्यजे ते सांगा ना, पैसे वाढवून देऊ." चतुराबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाबांना म्हणाली, "मालक, तुमी बसा डाल्यात. नितेश चालवन. त्याच नाल्याच्या चढावरून देवळापर्यंत. मी संगं बसतो तुमच्या. थितून वापस आलो अन् तुमी म्हनले का बसायले हरकत नाही, तं मी नारळ फोडीन, आठही बाया घेऊन उद्यापासून बसन, अन् तोंडातून शब्द काढनार नाही."

विक्रीवाला उठला. "काका, डाल्यात माणसं अलाऊड नाहीत. कंपनीचा रूल आहे, ट्रायलमधे फक्त केबिन."

"आता आठवला रूल?" चतुराबाई त्याच्यावर फिरली. "मालक पाय पसरून बसान म्हनले, तवा कुठं होता तुहा रूल? चहात पडला होता काय?" तो बिचारा परत ओट्यावर बसला.

बाबांना ते आव्हान वाटलं, आणि आव्हान आलं की त्यांचं डोकं चालत नाही, पाय चालतात. धोतर खोचून ते डाल्यात चढले. चतुराबाई चढली. चढताना तिनं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "रागिणी, तू पुढं बस. काच वर ठेव, त्या दिवशी होती तशी. मांग वळून पाहू नको. फक्त कान देऊन आयक."

तेव्हा मला समजलं ती काय करते आहे.

गाडी निघाली. नितेशनं काचा वर केल्या, एसी लावला, गाणं लावलं. मी गाणं बंद केलं. तो म्हणाला, "काहून?" मी म्हटलं, "त्या दिवशी गाणं नव्हतं." त्याला संदर्भ लागला नाही. तो नव्या गाडीच्या नशेत होता, स्टेअरिंगवर बोटं वाजवत होता. मागच्या काचेला काळी फिल्म होती, वळले असते तरी काही दिसलं नसतं. मी डोळे मिटून ऐकत बसले. इंजिनाचा घरघराट, एसीचा वारा, आणि मागून मशीनची खडखड. हुकाची खडखड, ड्रमची खडखड, चाकाच्या पत्र्याची खडखड.

नाल्याचा चढ आला. नितेशनं पाय दाबला. गाडी क्षणभर जड झाली, मग टर्बो जागा झाला आणि माझं डोकं सीटवर आपटलं.

"पाह्यलं?" तो ओरडला. "पाह्यलं कशी उचलली? मशीन आहे का नाही मांग, समजून नाही राहिलं!"

मी ऐकत होते. जिवाचा कान करून ऐकत होते. मागं माझे सासरे उघड्या डाल्यात होते, त्यांना काही झालं तर ते ठोकणार, हे मला माहीत होतं, आणि तरी मला खडखडच ऐकू येत होती. जास्त झाली की कमी झाली हेही सांगता येईना. त्या खडखडीतली कोणती लोखंडाची आणि कोणती माणसाच्या हाताची, हे ओळखायला देवाचेच कान हवेत. चढ संपला. देऊळ आलं. ठरल्याप्रमाणे नितेशनं गाडी थांबवली.

मी दार उघडून मागं धावले. बाबा फाळक्याला धरून गुडघ्यांवर बसले होते. टोपी नव्हती. गुडघ्यावर धोतर फाटून रक्त आलं होतं, आणि दोन्ही तळहात लाल झाले होते. चतुराबाईनं एका हातानं डाल्याची कड धरली होती आणि दुसऱ्या हातानं बाबांच्या सदऱ्याची मूठ आवळून धरली होती. तेवढ्यानंच ते डाल्यात राहिले होते.

नितेश हसत हसत मागं आला. "काय बाबा, कशी वाटली?"

बाबा खाली उतरले आणि त्यांनी हात उगारला. "बहिरा हायेस काय बे? अं? बहिरा हायेस? हात फुटले माहे ठोकू ठोकू! नाल्यापासून ठोकून राहिलो, बोंबलून राहिलो, तुले आयकू येत नाही?"

नितेश गोंधळून म्हणाला, "नाही जी बाबा. मशीनची खडखड सोडली तं कायीच आवाज नोता."

ते शब्द बाहेर पडले आणि बाबांचा हात वरच राहिला. त्यांचेच शब्द. दोन वर्षं चौकात, सोयऱ्यांत, खाटेशी उभं राहून बोललेले.

"त्याले मारू नोका," चतुराबाई डाल्यातून म्हणाली. "त्या दिवशी केबिनात दोघं होते."

मी म्हटलं, "बाबा, मी ऐकायलाच बसले होते. मलाही खडखडच ऐकू आली." मला वाटलं मी तिची बाजू घेते आहे. पण चतुराबाईचा राग माझ्यावरही तेवढाच होता, आणि तो रास्त होता.

"झालं," ती म्हणाली. "सूनबाईनं सांगतलं, झालं खरं. आमी आठ जनी सांगून सांगून मेलो, ते लाजेखातर. एवढ्या जनीचं तोंड मिळून एका सुनंच्या तोंडाइतकं होत नाही काय मालक?"

बाबा देवळाच्या पायरीवर बसले आणि आपले तळहात पाहत राहिले. मला त्यांची दया आली नाही. खरं सांगते, नाही आली. त्यांना एकदा चढावर हिसका बसला, सदरा धरायला चतुराबाई होती. पार्बताबाईचा पदर कोणी धरला नव्हता.

परतताना बाबा डाल्यात बसले नाहीत आणि केबिनमधेही बसले नाहीत. रस्त्याच्या कडेनं चालत आले, चतुराबाई त्यांच्या मागून चालत आली. नितेश गाडी अगदी हळू आणत होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला शान वगैरे काही सुचत नव्हतं. घरी आल्यावर बाबांनी विक्रीवाल्याला सांगितलं, "धाकटं. दोन वळीच्या सीटावालं. हे घेऊन जा."

सासूबाईंनी ताट पुढं केलं. बाबा चतुराबाईला म्हणाले, "आता तं फोड. तुह्यासारखंच झालं ना सगळं? सीट भेटली ना?"

मला वाटलं ती आता तरी हसेल. ती जास्त भडकली.

"सीटसाठी आली काय मी? सीट त तुमाले द्याच लागनार होती, आज नाही तं उद्या. दोन वर्षं तुमी मले खोटी म्हनून राहिले मालक. गावात म्हनले ते मी गिळलं. पन पार्बतीच्या खाटेपाशी म्हनले. आता खरं काय ते समजलं ना तुमाले, तं तिच्या अंगणात चाला. थितं बोला. मंग नारळाचं पाहू."

बाबा म्हणाले, उद्या जाऊ. ती म्हणाली, आत्ता. बाबा म्हणाले, निरोप पाठवतो. ती म्हणाली, "निरोप त लय गेले तिच्याकडं. माहेच गेले." आणि ती फाटकाकडे चालू लागली. बाबा गेले नसते, तर पुढच्या सगळ्या मोसमात आमचं मशीन अंगणात गंजत पडलं असतं, हे मी लिहून देते. पण ते गेले, ते मशीनसाठी की लाजेसाठी, ते मला माहीत नाही. मीही मागून गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

पार्बताबाई दारातल्या बाजेवर बसून तूर निवडत होती. काठी उशाशी. बाबांना पाहून ती उठायला लागली. उठवेना, तरी उठायला लागली, कारण मालक आले होते. बाबांनी हातानं बस म्हटलं. फाटलं धोतर आणि रक्ताळलेला गुडघा पाहून ती म्हणाली, "मालक, हे काय झालं जी?"

बाबांचा आवाज बसलेला होता. "पार्बताबाई, त्या दिवशी यायनं ठोकलं होतं. चतुराबाईनं ठोकलं होतं. आमालेच समजलं नाही. मी जे सांगत होतो ते गलत होतं."

पार्बताबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं चतुराबाईकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं असेल.

"खरंच ठोकलं होतं काय व, चतुरे?"

"घमेल्याचं बूड गेलं," चतुराबाई म्हणाली.

पार्बताबाई रडायला लागली. सूप बाजूला ठेवलं, दोन्ही हात पुढं केले. "मले वाटे तू मले टाकून गेली. रोज डोयापुढं तेच ये. गाडी चालली अन् तू त्यात बसून. खरं त मले पह्यलेच समजाले पाह्यजे होतं व..."

चतुराबाई जागची हलली नाही. "मी कितीक डाव आली तुह्या दारात? इथंच उभी राहून सांगतलं. शपथा घेतल्या. लेकराच्या घेतल्या. तवा कडी लावून घेतली तू. अन् आज मालक आला, एकडाव बोलला, अन् लगेच पटलं तुले?" आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते रागारागानं पुसलं. "संगं जेवलो आपन, पार्बते. मालकाचं आयकलं तू, माह्यं नाही."

पार्बताबाईनं पुढं केलेले हात मागं घेतले नाहीत.

थोड्या वेळानं चतुराबाई बाजेवर तिच्या शेजारी जाऊन बसली आणि सूप मांडीवर ओढून तूर निवडू लागली. बाबा अंगणात उभे होते. दोघींपैकी एकीनंही त्यांना बसा म्हटलं नाही.